क्रितामध्ये मठारकामाचं तांब्याचं घंगाळ आणि त्यातलं पाणी: तांबं प्लास्टिकसारखं का दिसतंय?

शेवंती_चित्रं यांनी विचारलं:

नमस्कार मंडळी. एका छोट्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ करतेय. विषय नरकचतुर्दशीच्या पहाटेचं अभ्यंगस्नान. अंगणात पाट, भोवती रांगोळी, दोन पणत्या, उटण्याची वाटी, मागे उघडं दार आणि सगळ्यांच्या पुढे मोठं घंगाळ. तांब्याचं, ठोक्याठोक्यांचं मठारकाम असलेलं, दोन बाजूंना पितळी कड्या, पाऊण भरलेलं. चित्राचा जीव त्या घंगाळातच आहे, आणि नेमकं तेच जमत नाहीये.

क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर वापरते, लॅपटॉपवर, साधा पेन टॅब्लेट आहे. घंगाळाला २००-११०-८० (लाल-हिरवा-निळा, प्रत्येकी २५५ पैकी) हा रंग भरला. मऊ एअरब्रशने दोन्ही बाजू गडद केल्या, मध्ये उजळ ठेवलं. त्यावर कलर डॉजचा, म्हणजे खालचे रंग उजळवणारा, लेयर (वेगळा थर) घेऊन राखाडी रंगाने चमक काढली. चमक आली, पण तांबं पिवळट दिसायला लागलं आणि एकूण वस्तू केशरी प्लास्टिकच्या टबासारखी दिसते. मठारकामासाठी एकेक गोल काढून त्याला वरच्या बाजूने उजेड दिला, तर अंगावर फोड आल्यासारखे दिसतात. पाणी तर निळ्या काचेचं झाकण ठेवल्यासारखं.

यूट्यूबवर धातूचे ब्रश, क्रोमचे ब्रश खूप दिसतात. त्यातलं काही घ्यावं का? की माझं मुळातच काही चुकतंय?

---

पिक्सेलवाला यांचं उत्तर:

कलर डॉजचा लेयर आधी बंद करून बघा. मी धातू असला की सगळं राखाडीत रंगवतो आणि वर एक फिल्टर लेयर टाकतो, ग्रेडियंट मॅपचा. तो प्रत्येक राखाडीला उजळ-गडदाप्रमाणे ठरवलेला रंग देतो. सगळ्यात गडद टोकाला जवळजवळ काळा तपकिरी, मग मरून, विटकरी, केशरी आणि उजळ टोकाला फिकट गुलाबीसर. फिल्टर लेयर असल्यामुळे खालचं राखाडी चित्र शाबूत राहतं आणि ग्रेडियंट केव्हाही बदलता येतो. राखाडीतच कडा कडक ठेवा, एअरब्रश बाजूला ठेवा. निम्मं काम तिथेच होईल.

---

ड्रॉइंगचे_मास्तर यांचं उत्तर:

ताई, मांडणी उत्तम आहे, तिला हात लावू नका. ब्रशही विकत घेऊ नका. तुम्हाला लागेल ते सगळं क्रितात आहे.

मी शाळेत चित्रकला शिकवत होतो. निवृत्त झाल्यापासून क्रितावरच रंगवतो. इंटरमिजिएटच्या वस्तुचित्राच्या सरावाला पितळेची कळशी मांडली की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला, "सर, पितळेला कुठला रंग घेऊ?" मी त्यांना रंगाची पेटी मिटायला सांगायचो आणि कळशीत काय काय दिसतं ते कागदावर लिहून काढायला लावायचो. खिडकी, खिडकीचे गज, बाक, कुणाचा तरी पांढरा शर्ट, कळशीखालचं निळं कापड. यादी पूर्ण झाली की रंगवायला परवानगी. तुम्हालाही माझं तेच सांगणं आहे. चकचकीत धातू रंगवायचा म्हणजे त्याच्या आजूबाजूचं जग रंगवायचं, त्या भांड्याच्या आकारात वाकवून आणि त्या धातूच्या छटेतून गाळून.

मातीच्या माठावर उजेड पडतो तेव्हा त्यातला बराचसा पृष्ठभागाच्या आत शिरतो, आत इकडेतिकडे विखुरतो आणि मातीचा रंग घेऊन बाहेर येतो. म्हणून माठाला अंगचा रंग असतो आणि उजेडाकडून सावलीकडे तो हळूहळू उतरतो. प्लास्टिकच्या बादलीतही तेच, फक्त वरचा थर गुळगुळीत असल्यामुळे दिव्याचं थोडंसं प्रतिबिंब वरच्या वर पडतं आणि ते दिव्याच्याच रंगाचं, म्हणजे बहुतेक वेळा पांढरं असतं. धातूत उजेड आत शिरून बाहेर येतच नाही. परतणारा सगळा उजेड पृष्ठभागावरून परततो, आणि परतताना धातूची छटा घेऊन परततो. तांब्यावरची चमक तांबूस, पितळेवरची पिवळसर, चांदीवरची जवळजवळ पांढरी. तुम्ही अंगचा केशरी रंग भरलात, तो एअरब्रशने हळूहळू गडद केलात आणि वर रंगहीन चमक दिलीत. ही तिन्ही लक्षणं प्लास्टिकची आहेत, त्यामुळे डोळ्याला प्लास्टिकच दिसतं. डोळ्याचं बरोबर आहे.

आता पिवळं का झालं ते बघा. कलर डॉज प्रत्येक रंगवाहिनीला वेगवेगळं भागतो. मधल्या राखाडीने डॉज केलं की प्रत्येक आकडा साधारण दुप्पट होतो. तुमचा २०० चा लाल ४०० होऊ शकत नाही, तो २५५ ला अडतो. हिरवा ११० चा २२० होतो, निळा ८० चा १६०. हाती आलं २५५-२२०-१६०. हा रंग वेगळा भरून बघा, फिकट पितळ आहे ते. लाल अडला आणि हिरवा पुढे धावला, म्हणून तांब्याचं पितळ झालं. अजून जोर दिला असता तर तिन्ही अडून पांढरं झालं असतं.

पिक्सेलवाल्यांचा ग्रेडियंट मॅप मी पण वापरतो. एकाच रंगाच्या उजेडात ठेवलेल्या भांड्याला तो अगदी छान बसतो. पण तुमच्या चित्रात पहाटेचं निळसर आकाश आहे आणि पणतीची ज्योतही आहे. ग्रेडियंट मॅप फक्त उजळ-गडद वाचतो, निळं की पिवळं हे त्याला कळत नाही. तुमच्या चित्राची सगळी गोडी त्या दोन उजेडांच्या फरकात आहे, ती तो पुसून टाकेल.

मी असं करेन. घंगाळाचा आकार एका ग्रुपमध्ये खालच्या लेयरवर सपाट भरून घ्यायचा. त्यावर दुसरा लेयर, इनहेरिट अल्फा चालू करून, म्हणजे रंग आकाराबाहेर जाणार नाही. या लेयरवर तांबं विसरून जायचं. हे भांडं आरशाचं आहे असं समजून भोवतालचं जग त्याच्या खऱ्या रंगांत रंगवायचं. पोटाच्या वरच्या उतारावर आकाश, खालच्या उतारावर अंगणाची जमीन आणि रांगोळी, दोन्हींच्या मध्ये घर, कुंपण, उभी माणसं यांचा गडद पट्टा. उजवीकडे उघड्या दाराची उभी, उजेडाची फीत. हे सगळं भांड्याच्या गोलाईबरोबर वाकतं आणि कडांकडे जाताना चेपत जातं. पट्ट्यांच्या कडा ठाम ठेवा. काळ्याच्या शेजारी लगेच उजळ आलं तरी घाबरू नका, धातूत तसंच असतं.

आता त्यावर तिसरा लेयर, तोही इनहेरिट अल्फा, मोड मल्टिप्लाय (खालचे रंग या लेयरच्या रंगाने गुणले जातात), आणि त्यात एकच रंग सपाट भरायचा: २४९-२०९-१९४. घासून लख्ख केलेल्या तांब्यावर पांढरा उजेड एकदा आपटून आला की साधारण या छटेचा होतो. एकट्याने पाहिलात तर फिकट गुलाबीसर, कुणी याला तांबं म्हणणार नाही. पण हा खालच्या रंगांशी गुणला गेला की काय होतं ते पाहा. पहाटेच्या आकाशाचा १२०-१५०-२०० घेतलात तर तो ११७-१२३-१५२ होतो, म्हणजे निळाई जाऊन राखाडी-जांभळट. पणतीच्या ज्योतीचा २५५-१९०-९० होतो २४९-१५६-६८, पेटलेला केशरी. एकाच भांड्यावर हे दोन रंग शेजारीशेजारी आले की तांबं आपोआप उभं राहतं. कुठल्याही ब्रशात हे मिळत नाही.

घंगाळाच्या आतल्या भिंतीसाठी आणखी एक गोष्ट, आणि मला ही फार आवडते. आत उजेड एका भिंतीवरून दुसरीवर, तिथून तिसरीवर असा आपटत खाली जातो. दर आपटीला तांब्याची छटा आणखी चढते. दुसऱ्या आपटीनंतर पांढऱ्याचं साधारण २४४-१७२-१४७ होतं, तिसऱ्या आपटीनंतर २३८-१४०-११०. म्हणजे लाल जवळपास तसाच राहतो आणि हिरवा-निळा झपाट्याने उतरतात. म्हणून रिकाम्या तांब्याच्या भांड्यात डोकावलं की तळाशी तो निखाऱ्यासारखा लाल दिसतो, आणि तो बाहेरच्या बाजूला कधीच दिसत नाही. करायला सोपं आहे. मल्टिप्लायचा तोच लेयर डुप्लिकेट करा, ट्रान्सपरन्सी मास्क (लेयरचा नको तो भाग लपवणारा) लावा आणि फक्त आतल्या बाजूला उघडा. तळाकडे अजून एक.

चमक सगळ्यात शेवटी, साध्या नॉर्मल मोडवर, कडक ब्रशने, त्याच फिकट गुलाबीसर रंगाने. ज्योतीच्या प्रतिबिंबाच्या अगदी गाभ्यात तेवढा जवळजवळ पांढरा ठिपका चालेल, कारण ज्योतच इतकी प्रखर असते. बाकी कुठेही पांढरं नको. भांड्याच्या अगदी बाह्यरेषेवर, जिथे नजर घसरती पडते, तिथे मात्र तांब्याची छटा थोडी कमी करा. मल्टिप्लायच्या मास्कवर बारीक राखाडी रेघ ओढली की झालं. तिरप्या नजरेला धातू स्वतःची छटा सोडत जातो आणि मागचं जग जवळजवळ त्याच्याच रंगात दाखवतो.

पितळी कड्यांना हीच पद्धत, फक्त मल्टिप्लायचा रंग पिवळ्याकडे न्या.

---

शेवंती_चित्रं:

सर, खूप खूप आभार. मल्टिप्लायचा लेयर चालू केला आणि समोर तांबं उभं राहिलं. आतल्या भिंतीचं तर मी पहिल्यांदाच असं पाहिलं. आईने माळ्यावरचा तांब्याचा हंडा काढून चिंचेने घासून दिला, तो शेजारी ठेवून रंगवतेय.

आता मठारकाम आणि पाणी राहिलं. पाण्याचा रंग कोणता घेऊ हे विचारणार होते, पण तुमचं उत्तर आत्ताच ऐकू येतंय!

---

निळाई_नाशिक यांचं उत्तर:

मी आयपॅडवर प्रोक्रिएटमध्ये काम करते, म्हणून इतर वाचणाऱ्यांसाठी एक नोंद. तिथे ब्रश स्टुडिओत मटेरियल्समध्ये मेटॅलिक आणि रफनेस असे दोन स्लायडर दिसतात. ते त्रिमितीय मॉडेलवर रंगवतानाच लागू होतात. साध्या सपाट कॅनव्हासवर मेटॅलिक कितीही वाढवलं तरी काही फरक पडत नाही. हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारला जातो.

पाण्यासाठी आणि ओल्या रंगासाठी वेगळं सॉफ्टवेअर हवं असेल तर रेबेल आहे, त्यात कॅनव्हास तिरका केला की रंग खरंच ओघळतो. कोरल पेंटरमध्ये लिक्विड मेटल नावाचा प्रकार आहे, पाऱ्यासारखे थेंब टाकता येतात आणि जवळ आले की एकमेकांत मिसळतात. मजेशीर आहे, पण घंगाळाला उपयोग नाही.

---

ड्रॉइंगचे_मास्तर:

निळाईताई, प्रोक्रिएटची माहिती चांगली दिलीत.

शेवंतीताई, हंडा शेजारी ठेवलात हे फार उत्तम केलंत. खोली अंधारी करा, एक पणती लावा आणि मोबाइलने फोटो काढा. पणती सरकवा, पुन्हा काढा. इंटरनेटवरच्या फोटोंपेक्षा हे फोटो शंभर पटींनी कामाचे, कारण उजेड कुठे होता हे तुम्हाला माहीत आहे.

मठारकाम. माझं लहानपण पुण्यात कसब्यात गेलं, तांबट आळीतून शाळेला जायचो, त्यामुळे ते काम पाहतच वाढलो. भांडं आतून लोखंडी टेकूवर धरतात आणि बाहेरून हातोडीचे ठोके एकाला एक लावून देत जातात. ज्या हातोडीने शेवटचा हात फिरवायचा तिचं तोंड तांबट घासून आरशासारखं करतात, कारण तोंडावर चरा असेल तर तो प्रत्येक ठोक्यात तांब्यावर उमटतो. उलट तोंड चकचकीत असेल तर प्रत्येक ठोका चकचकीत. असे शेकडो छोटे आरसे, ओळीत, किंचित एकमेकांवर चढलेले. असं आहे ते.

आता एकच ठोका जवळून पाहा. बोटाच्या पेराएवढा, कडा गोलसर पण शेजारच्या ठोक्यांनी कापल्यामुळे नीट गोल नाही, काहीसा षटकोनी. मधला भाग सपाट किंवा किंचित आत गेलेला. दोन ठोक्यांच्या मध्ये बारीक उंचवटा, त्याच्या माथ्यावर उजेडाची केसाएवढी रेघ. तुमचे फोड का झाले ते इथे कळतं. उजेड वरून येत असेल तर उंचवट्याची वरची बाजू उजळते आणि खड्ड्याची खालची, कारण खड्ड्यात खालची बाजूच वर तोंड करून असते. तुम्ही प्रत्येक ठोक्याला वर उजेड दिलात, म्हणून डोळ्याने त्याला उंचवटा मानलं. उजेड ठोक्याच्या खालच्या काठाशी द्या, वरचा काठ गडद करा. लगेच खड्डे होतील.

पण सगळ्या ठोक्यांना असं करत बसू नका. पणतीचं प्रतिबिंब गुळगुळीत भांड्यावर एका जागी पडलं असतं. मठारकामात ते त्या जागेभोवतीच्या ठोक्यांत विखुरतं, जवळच्या प्रत्येकात एकेक ठिणगी. जसजसं लांब जाल तसतशा ठिणग्या लहान आणि विरळ, आणि नंतर नाहीतच. तिथल्या ठोक्यांत आकाशाचा नाहीतर जमिनीचा तुकडा दिसतो, एवढंच. प्रत्येक ठोका शेजाऱ्यापेक्षा थोडा वेगळ्या दिशेला बघतो, म्हणून एक गडद, शेजारचा उजळ, असा पट येतो. काही ठोके जवळजवळ दिसेनासे होऊ द्या. सगळीकडे सारखी चमक दिली तर भिंतीवर टिकल्या चिकटवल्यासारखं होईल.

ओळी नीट येण्यासाठी क्रितातला कॉन्सेंट्रिक एलिप्स असिस्टंट लावा. काठाच्या लंबगोलाला तो बसवला की तशाच प्रमाणातले आतले-बाहेरचे लंबगोल हात सरळ राखून ओढता येतात. काठ, पाण्याची रेषा आणि आतल्या ओळी यांना पहिली आखणी म्हणून तो पुरतो. मात्र खाली जाल तसा लंबगोल जास्त उघडा दिसायला हवा, म्हणून खालच्या ओळींसाठी दुसरा असिस्टंट थोडा गोल करून ठेवा. ठोके समोरच्या भागात पूर्ण रुंद, कडांकडे अरुंद होत उभट. शंभर गोल एका मापाचे आले की भांडं सपाट होतं.

पाणी. त्याचाही रंग नाहीच, तुम्ही ओळखलंत. पण पाणी धातूसारखं सगळं परत पाठवत नाही, ते उजेडाची वाटणी करतं. अगदी वरून पाहिलं तर १०० भागांतले जेमतेम २ भाग परत येतात, उरलेले आत जातात. उभ्या रेषेपासून ६० अंशांवर नजर तिरकी केली तरी परत येणारे ६ च असतात. आणि ८० अंशांवर एकदम ३५ च्या आसपास. म्हणून जवळच्या काठापाशी, जिथे आपण पाण्यात जास्त सरळ बघतो, तिथे तळ आणि भिंतीचे ठोके स्वच्छ दिसले पाहिजेत. पलीकडच्या काठाकडे जाताना आकाशाचा आणि पलीकडच्या भिंतीचा थर चढत गेला पाहिजे. तुम्ही सगळ्या पृष्ठभागावर एकसारखा निळा ओतला, म्हणून झाकण झालं. तुमची नजर घंगाळावर बऱ्यापैकी वरून आहे, तेव्हा प्रतिबिंब हलकंच ठेवा. एका लेयरवर आकाश आणि समोरची भिंत उलटी रंगवा आणि मास्कवर ग्रेडियंट टाका, जवळ जवळजवळ शून्य, लांब थोडं जास्त. पणतीची ज्योत मात्र पाण्यात नक्की दाखवा. २ भागच परतले तरी ज्योत इतकी प्रखर असते की अंधाऱ्या पाण्यावर ती चमकतेच. पाण्याला छटा नसते, म्हणून हे प्रतिबिंब ज्योतीच्याच रंगाचं, तांबूस नाही. तांब्यावरची ज्योत केशरी आणि पाण्यावरची पिवळी, एवढ्या फरकानेही बघणाऱ्याला कुठे पाणी आणि कुठे धातू ते कळतं.

दुसरं म्हणजे तळ वर उचलला गेला पाहिजे. सरळ वरून पाहिलं तर पाण्याची खोली पाऊणच भासते, १ फूट पाणी ९ इंच. तिरकं पाहिलं तर त्याहून कमी. पाण्याखालच्या भिंतीचा आणि तळाचा लेयर वेगळा करा, ट्रान्सफॉर्मने उंचीत पाऊणपट किंवा थोडा कमी करा आणि वरची कड पाण्याच्या रेषेला जुळवा. मठारकामामुळे हे फार सुंदर दिसतं. पाण्यावरच्या ओळी मोकळ्या आणि पाण्याखालच्या एकदम दाटलेल्या. पाणी आहे हे सांगायला याहून चांगला पुरावा नाही, निळा रंग लागतच नाही.

तिसरं, पाणी भिंतीला जिथे टेकतं ती रेषा. तिथे पाणी भिंतीवर अगदी किंचित चढतं, त्यामुळे पृष्ठभागाला वळण पडतं आणि त्या वळणावर उजेडाची एक बारीक, तुटक रेघ येते. तिच्या लगेच खाली तशीच एक गडद रेघ. संपूर्ण लंबगोलभर सारखी ओढू नका, पणतीकडच्या बाजूला ठळक, बाकी ठिकाणी हरवू द्या. या एका रेघेवर मी बाकीच्या सगळ्या पाण्यापेक्षा जास्त वेळ घालवतो.

तरंग हवे असतील तर लिक्विफायने (रंग ढकलून वाकवायच्या सोयीने) प्रतिबिंबाचा लेयर आडवा हलवा. तळाचा लेयर हलवायचा तर फार थोडा. अभ्यंगाचं पाणी कढत असणार, पण वाफ घालायची की नाही हे तुम्ही ठरवा. घातलीत तर पाण्याच्या पलीकडच्या काठासमोर घाला, म्हणजे जवळचे ठोके झाकले जाणार नाहीत.

---

पिक्सेलवाला:

मास्तर, दोन उजेडांचा मुद्दा पटला. मठारकामासाठी एक विचारतो. फाँग बंपमॅप फिल्टर आहे ना क्रितात, एका लेयरवर उंची-खोली राखाडीत रंगवली की तो आपोआप उजेड-सावली काढतो. शेकडो ठोके हाताने काढण्यापेक्षा ते बरं नाही का?

---

ड्रॉइंगचे_मास्तर:

आखणी म्हणून जरूर वापरा. कुठला ठोका उजळेल याचा अंदाज पटकन येतो. पण तो फिल्टर तुम्ही दिलेल्या ठरावीक दिव्यांपुरताच हिशोब करतो. आकाश, दार, रांगोळी त्याला दिसत नाही. त्यामुळे ठिणग्या येतात, ठोक्यांतले जगाचे तुकडे येत नाहीत. मी त्याचा निकाल २०-३० टक्क्यांवर खाली ठेवतो आणि समोरचे ठोके हाताने रंगवतो. समोरचे, म्हणजे ज्योतीजवळचे मूठभरच. बाकीच्यांना प्रत्येकी एक फटकारा पुरतो.

---

शेवंती_चित्रं:

ठोके उलटवले आणि फोड गेले! पाण्याखालच्या ओळी दाटल्यावर आईने विचारलं, "पाणी कधी काढलंस?" म्हणजे जमलंय.

शेवटचा प्रश्न छपाईचा. संपादक म्हणतात छापखान्याला सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांतली, फाइल लागते. मागच्या वर्षीच्या अंकात, तो मी केला नव्हता, मुखपृष्ठावरचे दिवे मळकट आले होते. माझ्या ज्योतींचं आणि तांब्याचं तसं होईल का?

---

ड्रॉइंगचे_मास्तर:

तांब्याचं फारसं नाही. तपकिरी, विटकरी, गुलाबीसर हे शाईत बऱ्यापैकी निघतात. धोका ज्योतीच्या केशरीला आणि पहाटेच्या निळ्याला आहे. पडद्यावरचा झगझगीत केशरी आणि गडद निळा शाईच्या आवाक्याबाहेर जातात आणि छापताना बसतात, म्हणजे मळकट पडतात.

छापखान्याकडून त्यांचं कलर प्रोफाइल (त्यांच्याकडे रंग कसे छापले जातात ते सांगणारी फाइल) मागून घ्या. क्रितात इमेज प्रॉपर्टीजमध्ये सॉफ्टप्रूफिंगला ते लावा आणि कंट्रोल-वाय दाबा, छापल्यावर अंदाजे कसं दिसेल ते पडद्यावर दिसतं. कंट्रोल-शिफ्ट-वाय दाबलंत की आवाक्याबाहेरचे रंग वेगळे खुणावले जातात. रंगवायचं आरजीबीतच (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्यात) ठेवा, तपासणी अधूनमधून करत राहा. सीएमवायके प्रत शेवटी, फाइलची वेगळी कॉपी करून, लेयर एकत्र केल्यावर. लेयर तसेच ठेवून रूपांतर केलंत तर मल्टिप्लायचे हिशोब शाईच्या आकड्यांवर होतील आणि तांब्याची छटा हलेल.

ज्योत बसली तर ती अजून उजळ करू नका, जागा नाही. तिच्या भोवतीचं खाली न्या. कोरा कागद हाच छपाईतला सगळ्यात मोठा उजेड आहे, तो फक्त दोन पणत्यांच्या गाभ्यासाठी राखा. तांब्याच्या ठिणग्यांत (आधी चालेल म्हटलेल्या पांढऱ्या ठिपक्यातही) २४९-२०९-१९४ च्या वर जाऊ नका, म्हणजे तिथे थोडी शाई पडेल आणि ज्योत त्यांच्याहून वरचढ राहील.

गडद भागांत चार शायांची बेरीज किती चालते तेही विचारा. कागदागणिक ती मर्यादा बदलते, आणि घंगाळाच्या खालचा तुमचा तपकिरी-काळा भाग त्या मर्यादेजवळ जाणारा आहे. फाइल ३०० डीपीआयला, चारही बाजूंनी कटिंगसाठी ३ मिलीमीटर जास्त. आणि छापखाना एक नमुना प्रत काढून देत असेल तर ती दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली तांबं हिरवट वाटतं.